उजव्या बाजूची कळी

पापणीच्या ऑपरेशनला भूल कुठली द्यायची, हा प्रश्न माझ्या बत्तीस वर्षांच्या कामात एकदाच देवापुढे गेला. देवाने उत्तर दिलंसुद्धा. ते उत्तर देवाला कोणी शिकवलं होतं, हे सांगायला मी आज बसले आहे. संपादकांनी माझ्याकडे 'खुसखुशीत अनुभव' मागितले होते. एक-दोन तसले आधी देते, म्हणजे त्यांचीही अडचण व्हायची नाही.

मी भूल देणारी डॉक्टर. घर सावंतवाडीला, आणि काम जिल्हाभर. आमच्याकडचे दवाखाने लहान. भूल द्यायला कायमचा माणूस ठेवणं कोणालाच परवडत नाही. सर्जनने फोन करायचा आणि मी औषधांची पेटी गाडीत टाकून निघायचं. आज कुडाळ, उद्या मालवण, परवा आणखी कुठे. लोक मला 'भुलीची बाय' म्हणत. बाय फटकळ आहे, असंही म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पापणी म्हणजे आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी. तिच्यावर सुरी चालवायची तर तीन रस्ते असतात. पहिला, पापणीतच बारीक सुईने औषध टोचायचं. आधी चरचरतं, मग पापणी पांढरी पडून बधिर होते. माणूस पूर्ण जागा असतो. दुसरा, हेच इंजेक्शन, पण सोबत शिरेतून थोडं गुंगीचं औषध. माणूस धड जागा नाही, धड झोपलेला नाही. तिसरा म्हणजे पूर्ण भूल. घशात नळी घालायची आणि श्वास मशीनच्या हवाली करायचा. पोरं हातपाय झाडतात म्हणून त्यांना तिसरा रस्ता. ज्यांची पापणी लोंबते, त्यांना शक्यतो पहिला, कारण टाके घालताना सर्जनला सांगावं लागतं, 'डोळा उघडा, वर बघा.' शिंपी कसा ब्लाउज अंगावर चढवून बघतो, तसं पापणी किती उचलायची ते उघड्या डोळ्यावरच कळतं. बाकीच्यांचं वय, छाती, हृदय आणि स्वभाव बघून ठरवायचं. आणि ठरवायचं कोणी? तर मी. मी म्हणेन ती पूर्व दिशा.

गुंगीच्या रस्त्याची मजा सांगते. मालवणचा एक तांडेल होता, मोठ्या होडीवर पंधरा खलाशांना वाकवणारा. त्याच्या पापणीवर गाठ होती. म्हणाला, "बाय, माका सुयेचो भारी भंय. काय तरी दी." दिलं. सर्जनने सुरी लावली आणि आमचा तांडेल आडवा पडल्या पडल्या गरजला, "ओढा रे! जाळां ओढा! मेल्यांनो, झोपलात काय?" सर्जनचा हात जागच्या जागी थांबला. मी औषध बंद केलं, आणि जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत आम्ही सगळे हात वर करून उभे राहिलो.

दुसरी गोष्ट एका पोरीची. जन्मापासून एक पापणी मिटलेली, पूर्ण भूल द्यायची होती. पूर्ण भुलीला पोट रिकामं लागतं, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. मी आईला तीनदा विचारलं, "काही खाल्लं नाही ना तिने?" तिन्ही वेळा उत्तर, "काय नाय." पोरीला टेबलावर घेतलं, तर तिच्या गालाला भाताचं शीत चिकटलेलं. पेज प्यायली होती. मी भडकले. तिची आजी मलाच समजावायला लागली, "बाय, पेज म्हणजे काय जेवण झाला? पेज तर वांगडाक आसताच." वांगडाक म्हणजे सोबतीला. त्या दिवशी ऑपरेशन रद्द. तेव्हापासून मी 'पेज घेतली का?' असंच विचारते. आपल्या माणसांना आपल्या माणसांसारखंच विचारावं लागतं, हे मला तेव्हा कळलं होतं. पण पुरतं कळलं नव्हतं.

आता आनंदीची गोष्ट. तिचं नाव मी बदललं आहे. ती आता नाही, आणि तिच्या मुलाला सगळं सांगून, त्याला विचारूनच लिहिते आहे.

आनंदी इन्सुलीच्या पलीकडच्या एका गावातली. माझ्याच वयाची, तेव्हा अठ्ठावन्नची. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा प्रकाश मुंबईला एका कंपनीत. ही घरी काजी, म्हणजे काजूच्या बिया, भाजायची. काजीच्या सालीतलं तेल म्हणजे आगच. भाजताना बी फुटली की ते उडतं, आणि लागेल तिथली कातडी जाळतं. चैत्रात ते तिच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर उडालं. तिने खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे बसली. जखम भरली, पण भरताना कातडी आक्रसली आणि पापणी वर ओढली गेली. डोळा मिटेना. झोपली तरी तो उघडाच.

मिटत नाही तो डोळा सुकतो, आणि सुकलेल्या बुबुळावर जखम होते. आनंदीचा उजवा डोळा लहानपणीच फूल पडून गेलेला, त्याला उजेड आणि सावली एवढंच कळे. म्हणजे तिच्याकडे होता तो हा एकच डोळा. आमचे डोळ्यांचे डॉक्टर केरकर, अबोल माणूस. त्यांनी सोमवारी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, बुबुळावर जखम सुरू झालीय. कानामागची कातडी पापणीला लावतो, डोळा मिटायला लागेल. पण चार दिवसांत. मलम आणि झाकणावर त्याहून जास्त थांबता येणार नाही."

मी तिची छाती तपासली. चाळीस वर्षं चुलीचा आणि काजीचा धूर खाल्लेली छाती. आत बासरीसारखी शीळ वाजत होती. मी सांगून टाकलं, "पूर्ण भूल नाही. इंजेक्शनवर, जागी ठेवून."

मंगळवारी प्रकाश मुंबईहून आला आणि आडवा आला. "जागी ठेवून डोळ्यावर सुरी? नाय. पूर्ण भूल द्या."

"तिची छाती ऐकलीयेस तू?"

"माझो बापूस जळान गेलो, मॅडम. दोन दिवस बोंबलत होतो. मी बाजूक उभो होतंय. आवशीक तरी काय कळूक नको."

या वाक्यापुढे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणाले, "मग दुसरी भूल देणारी शोध."

आनंदी बाकावर बसून दोघांचं ऐकत होती. डोळ्यावर प्लॅस्टिकचं झाकण, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. ती म्हणाली, "तुमी दोघांव भांडा नुको. देवाक इचारूया. देव सांगात तसां."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे लग्न, विहीर, आजारपण, काहीही असो, ग्रामदेवतेचा कौल घेतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि कुठली कळी आधी पडते त्यावरून देवाचं मत कळतं. मी हसले नाही. हसायची माझी टाप नव्हती, मीही याच मातीतली. पण मनात म्हटलं, चला, देवाने तरी या पोराला गप्प करावं.

पण देवळात कौल बंद होता. गावच्या एका मानकऱ्याच्या घरात माणूस गेलेलं. सुतक फिटेपर्यंत देवाला प्रश्न घालत नाहीत. अजून आठ दिवस.

इथे थांबते. गेली काही वर्षं मी याच जागी थांबते आहे.

आठ दिवस म्हणजे केरकरांच्या चार दिवसांच्या दुप्पट. केरकरांनी मला तीनदा फोन केला. "मॅडम, मुलगा म्हणतोय तर द्या पूर्ण. मी झटपट करतो." मी म्हटलं, "तिचा श्वास अडकला तर तुम्ही येणार आहात का निस्तरायला?" प्रकाशला मी म्हटलं, आईला गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात ने. तो तयार होता. पण आनंदीने पाय रोवला. "देवाचो कौल झाल्याशिवाय मी खंयच हलूचंय नाय."

आज कोणी मला विचारलं, तिला पूर्ण भूल देता आली असती का? आली असती. दोन दिवस छातीला औषधं देऊन, काळजी घेऊन, देता आली असती. आणि प्रकाशने ऐकलं असतं तर इंजेक्शनवरही झालं असतं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. चालणार नव्हते ते फक्त आठ दिवस. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण 'बरं बाबा, तुझं खरं' एवढे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. इतर वेळी त्या तोंडाला कधी शब्द कमी पडले नव्हते.

सुतक फिटलं त्या सकाळी मी देवळात सगळ्यांच्या आधी पोचले. गुरव माझ्या ओळखीचा. त्याच्या अंतर्गळाच्या ऑपरेशनला मीच भूल दिली होती, आणि बरा झाल्यावर गप्पा मारताना त्याने मला एक गोष्ट सांगितली होती. आमच्या देवाचा पाषाण डावीकडे जरा खोलगट आहे. आंघोळीचं पाणी तिथे राहतं. ओलीवर कळी चिकटून बसते, सुकीवरची आधी सुटते.

मी त्याला म्हटलं, "आनंदीचा कौल लावशील तेव्हा 'जागी ठेवून' ही बाजू उजवीकडे धर."

तो फुलं निवडत होता. मान वर करून त्याने माझ्याकडे बघितलं. "बाय, देवाक शिकवतंस?"

"तिच्या जिवासाठी सांगते रे."

"तां तू जाण आणि तो जाण," तो म्हणाला, आणि कळ्या पाण्यात बुडवायला गेला.

प्रकाश आईला धरून घेऊन आला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही 'होय महाराजा' म्हटलं. उजवी कळी लगेच पडली. आनंदीला धड दिसलं नाही. तिने विचारलं, "खंयची पडली?" प्रकाश म्हणाला, "उजवी." त्याचा चेहरा उतरला होता. पण देवाशी कोण भांडणार? आनंदीने हात जोडले, आणि दुपारी ती माझ्या टेबलावर होती.

तिची तयारी मी स्वतः केली. तिला समजावलं, "काकी, तोंडावर हिरवं कापड येईल, घाबरायचं नाही. हा माझा हात धर. दुखलं तर बोलू नकोस, हलू नकोस. फक्त एकदा दाब. मला कळेल." वयाने ती माझ्याएवढीच, पण टेबलावरच्या बाईला मी काकीच म्हणते. तिचा हात काजीच्या तेलाने काळा पडलेला, बोटांच्या चिरा कायमच्या. केरकरांनी कानामागे आणि पापणीत इंजेक्शनं दिली. चरचरलं असणारच. हात दाबला नाही. दहा मिनिटं थांबलो. चिमट्याने टोचून बघितलं, काही नाही. उत्तम बधिर झाली होती. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

केरकरांनी आक्रसलेली कातडी सोडवली, पापणी खाली आणली आणि दिवा जवळ घेतला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाकून पाहिलं. बुबुळाच्या मधोमध पांढरं, विरघळल्यासारखं झालेलं. सकाळी घाईत झाकणावरून कोणी नीट पाहिलं नव्हतं, की पाहायचं नव्हतं, देव जाणे.

केरकर मुकाट पुढच्या कामाला लागले असते. तो भला माणूस आहे. पण माझा संताप उसळला. तो कोणावर होता, हे आता मला नीट कळतं. तेव्हा तो तोंडावाटे बाहेर पडला. मी म्हणाले, "गेलाच की हा डोळा! आठ दिवस देवाच्या दारात काढले. आता ही कातडी लावून काय उजेड पडणार आहे?"

माझ्या हातातला हात दाबला गेला. एकदा.

मी खाली वाकून विचारलं, "काकी, दुखलं का गो?"

कापडाखालून आवाज आला, "नाय."

मी केरकरांना म्हटलं, "थोडं औषध वाढवा, तिला दुखतंय." त्यांनी वाढवलं. बत्तीस वर्षं मी हे काम केलं, शेकडो हात धरले. आणि तिला काय दुखलं ते मला कळलं नाही. पापणी आम्ही बधिर केली होती. कान उघडेच होते, आणि मी त्या कानापासून वीतभर अंतरावर बोलत होते.

पुढचा पाऊण तास तिने हात सोडला नाही, पण पुन्हा दाबलाही नाही. कातडी छान बसली. पापणी नंतर मिटायलाही लागली.

केरकरांनी प्रकाशला बाहेर घेऊन खरं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग उठून आम्हा दोघांना म्हणाला, "आवशीक सांगू नकात. हळूहळू दिसतला असां सांगा. मी सांगेन तिका कधीतरी." आम्ही मान डोलावली. पट्टी निघाली तेव्हा त्याने विचारलं, "आये, काय दिसता?" ती म्हणाली, "व्हय रे. थोडां थोडां दिसता. दिवसान् दिवस बरां होतला." प्रकाशने आमच्याकडे बघितलं. त्याला वाटलं, बिचारी आशेवर आहे. मलाही तसंच वाटलं.

शेजारणीने तिच्याकडे बघायचं कबूल केलं आणि प्रकाश मुंबईला परत गेला. मी सहा-सात महिने तिच्या गावाकडे फिरकले नाही. बांद्याला काम असलं तर दुसऱ्या रस्त्याने जायचे. शेवटी एकदा गाडी वळवलीच.

ती घरापुढच्या खळ्यात बसली होती, पुढ्यात सुपात कुळीथ. बोटांनी खडे काढत होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "ये गो बाय. तुझ्या चपलांचो आवाज."

मी शेजारी बसले. विचारलं, "कसं आहे आता डोळ्याचं?"

"डोळो गेलो मां." ती कुळथावरची नजर न हलवता म्हणाली. नजर म्हणण्यात तरी काय अर्थ होता. "तूच म्हटलंस, त्या दिवशी. टेबलार."

"ऐकलंस तू?"

"कान होते मां. मी तुझो हात दाबलंय पण. तू सांगलेलंस, दुखला तर दाब."

मी रडले. भुलीची बाय पेशंटच्या खळ्यात पदर डोळ्याला लावून रडली. ती मलाच समजावायला लागली, पाठीवर हात फिरवायला लागली, आणि त्यामुळे मी आणखी रडले.

"परकाशाक सांगू नको हां," ती म्हणाली. "तेका वाटता, माका म्हायत नाय. माका म्हायत आसा असां कळलां तर तो नोकरी सोडून येतलो. तसांच ऱ्हवांदे."

"माझं चुकलं, आनंदी," मी म्हटलं. काकी नाही म्हटलं.

"तुझां काय चुकला? तू खरां बोललंस. तुझ्या तोंडातसून इला म्हणान माका कळला." तिने सूप बाजूला ठेवलं. "मी रोज देवाचे उपकार मानतंय. देवान उजवो कौल दिल्यान, माका जागी ठेवल्यान. झोपलंय असतंय तर तुमी सगळ्यांनी माका खोटांच सांगलां असतां, आणि मी अजून वाट बघत बसलंय असतंय, आज दिसात, उद्या दिसात. देवाक सगळां कळता, बाय. म्हणान ती कळी लगेच पडली."

मी तोंड उघडलं होतं. सांगणारच होते, कळी देवाने पाडली नव्हती, मी पाडली होती. आठ दिवस मी खाल्ले. पण तिच्याकडे आता उरलं होतं काय? डोळा नव्हता. मुलगा लांब. एक देव होता, त्याने तिच्यासाठी विचार करून कळी पाडली, एवढंच होतं. तेही मी काढून घ्यायचं? मी तोंड मिटलं. आयुष्यभर हे तोंड मिटायला हवं होतं तेव्हा मिटलं नाही. त्या दिवशी मिटलं ते बरं केलं की वाईट, मला आजही ठरवता येत नाही.

निघताना तिने घरातून चाचपत नारळ आणला. "जाता जाता देवाक ठेव माझ्या नावान. माका आता एकटी जाववना नाय."

देवळात दुपारची सामसूम होती. गुरव एकटाच ओसरीवर बसला होता. मी नारळ पुढे केला. "आनंदीचा आहे. गाऱ्हाणं घाल."

त्याने नारळ घेतला, माझ्या तोंडाकडे बघितलं. आत जाऊन देवापुढे उभा राहिला, मी मागे. त्याने सुरुवात केली, "बा देवा महाराजा, आज ही आनंदी तुझ्या पायाकडे नारळ ठेवता, तेचो मान करून घी. तिच्या झिलाक मुंबैक सुखात ठेव." मग तो थांबला. आवाज खाली आणला. "आणि देवा, हयसर आमी दोघां उभी आसंव. आमच्या हातसून काय चुकला-माकला, तुका सांगूचा सोडून आमी तुकाच शिकवलां आसात, तर तां पोटात घाल. लेकरांका पदरात घी रे महाराजा."

गाऱ्हाण्याला मागे उभी असलेली माणसं 'होय महाराजा' म्हणतात. एरवी मागे पन्नास माणसं असतात, त्यात आपला आवाज कोणाला कळत नाही. त्या दिवशी मागे मी एकटीच होते. गुरव मागे वळला नाही. नारळ हातात धरून वाट बघत राहिला.

मी म्हटलं, "होय महाराजा."